आईचा रकाना

शिवांजलीचा आवाज माण तालुक्यातल्या निम्म्याअधिक मेंढपाळांच्या ओळखीचा आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी तिचं तोंड कधी पाहिलेलं नाही. तो आवाज फोनवर आला की बायका हातातली भाकरी परातीत टाकायच्या आणि आधी एवढंच विचारायच्या, "कोन गेलं?" असली प्रसिद्धी देव कुणाला न देवो. पण शिवांजलीनं ती आपण होऊन ओढवून घेतली होती, आणि खरं सांगायचं तर तिला तिचा थोडासा अभिमानही होता. असू दे. कामाचा अभिमान नसलेल्या माणसाच्या हातून काम तरी कुठं धड होतं?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथच्या वर्कशॉपवर चार टेबलांचं ऑफिस आहे. तिथं वेबसाइटी बनवून मिळतात. हळदीच्या व्यापाऱ्याची, मंगल कार्यालयाची, दोन शाळांची. शिवांजली तिथं नऊ वर्षं काम करते. नवरा जवळच्याच फाउंड्रीत पाळीवर जातो. दिवसभर ती लोकांच्या साइटी सांभाळते आणि उरलेल्या वेळात, मालकाला विचारून, आपल्या लोकांसाठी एक साइट चालवते. तिचं नाव 'आपलं बिऱ्हाड'.

ती स्वतः बिऱ्हाडावरच जन्मली. बाप हरिबा, आई धोंडुबाई, ऐंशी मेंढरं आणि ओझ्याला एक घोडं. दिवाळी झाली की माणच्या रानात काडी उरत नाही. मग मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, बागायतदारांच्या मोकळ्या रानात तळ द्यायचा, आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. शिवांजली सहा वर्षांची आणि धाकटा इंद्रजित आठ महिन्यांचा असताना धोंडुबाई तापानं गेली. वर्षाच्या आत हरिबानं बनुबाईशी दुसरं लग्न केलं. तान्ह्या पोराकडं बघायला कुणीतरी हवंच होतं.

बनुबाई आली ती गळ्यात धोंडुबाईच्या नावाचा चांदीचा टाक घालून. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं, ही रीत. पुष्कळ जणी ती भीतीपोटी पाळतात, मेलेली सवत त्रास देईल म्हणून. बनुबाईनं ती मानानं पाळली. रोज सकाळी तोंड धुतलं की ती तो टाक पदरानं पुसायची आणि मगच चूल पेटवायची. तिला स्वतःचं मूल झालं नाही. झालं नाही की होऊ दिलं नाही, हे तिचं तिला ठाऊक.

इंद्रजित तिला 'आये' म्हणायचा, कारण त्याला दुसरी आई माहीतच नव्हती. शिवांजलीला होती. तिनं पहिल्या दिवशी 'मावशी' म्हटलं ते म्हटलंच. तीस वर्षं. पुढं तिला कितीदा तरी वाटलं की बदलावं, पण जिभेला एकदा वळण पडलं की पडलं. बनुबाईनं त्याचा कधी विषय काढला नाही. शाळेसाठी चुलत्याकडं, दादासोकडं, गावात ठेवलेल्या या पोरीला भेटायला ती दर पंधरवड्याला तळावरून एसटीनं यायची. फडक्यात मेंढीच्या दुधाचा खवा बांधलेला असायचा. आणि ती फाट्यावर उतरलेली दिसली की शिवांजली ओरडायची, "मावशी आली, मावशी आली!"

साइट सुचली ती हरिबाच्या मरणामुळं. आठ वर्षांपूर्वी, ऐन फेब्रुवारीत, तो गावी वारला. बिऱ्हाडं सगळी पांगलेली. कोण कोकणात, कोण कर्नाटकच्या हद्दीत. कुणाला फोन लागला, कुणाला नाही. ज्यानं आयुष्यात शे-दोनशे जणांना खांदा दिला, त्याच्या मातीला अकरा माणसं जमली. काही जणांना तर नवव्या दिवशी कळलं. बनुबाई तेव्हा म्हणाली होती, "सगळ्यांला खांदा दिला त्येनं, आन् त्येला खांदा द्यायला मानसं उसनी आनली." ते शिवांजलीच्या जिव्हारी लागलं. सहा महिन्यांत तिनं साइट उभी केली.

साइटवर प्रत्येक घराची नोंद असायची. कोण कुणाचं कोण, आणि फोन नंबर. जत्रेची, लग्नाची, हरवलेल्या मेंढरांची नोटीस लागायची. पण तिचं खरं काम मातीच्या नोटिसा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाचता येत नाही आणि बटणांच्या फोनवर वाचायचं तरी काय? म्हणून तिनं फोन जाण्याची सोय केली. नोटीस सेव्ह केली की भावकीतल्या सगळ्या नंबरांवर एकदम फोन जायचा आणि बातमी ऐकू यायची.

सेव्ह म्हणजे आपल्याला वाटतं एक बटण. दाबलं, झालं. पण त्या क्षणी आतल्या आत यंत्र हाळी देतं, "अमकी नोंद सेव्ह झाली हो!" ऐकणारं कुणी नसेल तर ती हाळी वाऱ्यावर जाते. पण अशी हाळी आली की हे हे कर, असा नियम कुणी लिहून ठेवला असेल तर यंत्र ते निमूट करतं. शिवांजलीचं सगळं कसब या हाळीवर कान ठेवणारे नियम लिहिण्यात होतं. सेव्ह होण्याआधीचा नियम वेगळा, मातीची वेळ लिहायची राहिली असेल तर नोंद होऊच द्यायची नाही. सेव्ह झाल्यानंतरचा वेगळा, त्यानं फोन लावायचे.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. एका म्हाताऱ्याच्या मातीची वेळ चारची साडेपाच झाली, शिवांजलीनं नोटीस दुरुस्त करून सेव्ह केली आणि दोनशे फोन पुन्हा वाजले. "आगं, त्यो म्हातारा दोनदा मेला का काय?" असं एकानं विचारलंही. तेव्हा तिनं नवी नोंद आणि दुरुस्त केलेली नोंद यांचे नियम वेगळे केले. बातमी सांगायला आधी तिनं यंत्राचा आवाज लावला होता. तो लोकांना मानवला नाही. ही बाई सरकारी दिसते, म्हणाले. मग प्रत्येक नोटीस ती स्वतः वाचायला लागली. खाली लेथची घरघर चाललेली असायची. म्हणून कागदपत्रांच्या खोलीत दाराला घोंगडं लावून ती आत बसायची आणि फोनवर आवाज भरायची. "राम राम. आपलं बिऱ्हाड. वाईट बातमी हाय." इतकी वर्षं ऑफिसात शहरी बोलणारी शिवांजली तेवढं गावच्या बोलीत बोलायची. समजलं नाही तर एकचं बटण दाबून पुन्हा ऐकता यायचं. ज्यांनी पुन्हा ऐकलं त्यांची नावं यादीत सगळ्यांत वर दिसायची. त्यांना बहुधा नीट कळलेलं नसायचं, मग ती स्वतः फोन करून सांगायची.

आणि मग बाळाबाईचं झालं.

बाळाबाईचा नवरा मिरजेच्या दवाखान्यात वारला. कुणीतरी नोटीस पाठवली, शिवांजलीनं सेव्ह केली, आणि भावकीबरोबर बाळाबाईचाही फोन वाजला. बाळाबाई शेरडं घेऊन एकटी डांबरी रस्त्यानं चालली होती. ती तिथंच बसली. दोन तास तिला कुणी उठवू शकलं नाही. शेरडं कुठं गेली तेही कळलं नाही.

आपल्याकडं जवळच्या माणसाला मरण असं सांगत नाहीत. "बरं न्हाई, दवाखान्यात हाय, चल," एवढंच म्हणायचं असतं. कुणीतरी न्यायला जायचं असतं. घराच्या उंबऱ्याशी पोचल्यावर, चार बायांनी दंडाला धरलेलं असताना, मग खरं फोडायचं. हे खोटं आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्याच्याही पोटात कुठंतरी ठाऊक असतं. पण त्या खोट्याच्या आधारानं माणूस घरापर्यंत पोचतं. यंत्राला ही रीत कोण शिकवणार? शिवांजलीनं शिकवली. रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन तिनं नियम लिहिला, की गेलेल्या माणसाचे आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलं आणि भावंडं यांना फोन जाता कामा नये. त्यांची नावं नोटीस घालणाऱ्यापुढं यावीत, वर ठळक अक्षरांत: 'यांना माणूस पाठवा'. दोनशेच्या वर नोटिसा झाल्या त्यानंतर. एकही बाळाबाई पुन्हा रस्त्यात बसली नाही.

या सगळ्यात एक बारकी गोष्ट राहिली, ती शिवांजलीच्या स्वतःच्या घरची. घराची नोंद करताना तिनं इंद्रजितच्या नावापुढं आईच्या रकान्यात बनुबाई असं टाकायला घेतलं होतं. बनुबाई तेव्हा शेजारीच बसलेली. तिनं वाचायला लावलं आणि ऐकून हात आडवा केला.

"ते काढ."

"का गं मावशी? तूच तर वाढवलंस त्याला."

"वाडवलं म्हनून काय झालं? आईच्या जाग्याला तुज्या आईचंच नाव ऱ्हाऊ दे. मेल्या मानसाची जागा मी घिऊ व्हय? मला हरिबाची बायको म्हनून लाव कुटंतरी कडंला."

रकान्यात एकच नाव मावत होतं. शिवांजलीनं धोंडुबाई लिहिलं, बनुबाईला बापाच्या नोंदीत दुसरी पत्नी म्हणून घातलं, आणि सेव्ह केलं. त्या वेळी जवळच्यांचा नियम जन्मालाही आला नव्हता.

यंदाच्या फेब्रुवारीत, सकाळी सव्वादहाला, दादासोचा फोन आला.

"शिवा, बसलीस का खाली? आदी बस."

"बसलीय तात्या. काय झालं?"

"आगं... आपला इंद्रा गेला."

इंद्रजित नवी मुंबईच्या मार्केटात टेम्पो चालवायचा. एकतीस वर्षांचा झाला होता. मेंढक्याच्या घरात पोरी द्यायला कुणी तयार होत नाही, पण मायणीकडचं एक स्थळ जुळत आलं होतं, आणि रविवारी पोरगी बघायला म्हणून तो गावी निघाला होता. पहाटे घाटात टेम्पो उलटला. दवाखान्यातून चारपर्यंत आणतील, माती पाचला, असं दादासो सांगत होता आणि मधेच त्याचा आवाज फाटत होता.

"तुला आसं फोनवर सांगाय नगं हुतं पोरी. पर नोटीस तुज्याशिवाय घालनार कोन? आपल्या दादाच्या मातीचं झालं तसं पोराचं हुऊ देऊ नगंस. मानसं पोचली पायजेत." मग म्हणाला, "आन् वैनीला फोन करू नगंस. तू सोता जा. हाताला धरून आन तिला. आयकतीस नव्हं? हाताला धरून."

बनुबाई तेव्हा माधवनगरच्या पलीकडं, हळद काढलेल्या रानात तळ देऊन होती. कुपवाडपासून अर्ध्या तासावर. आता जगात एकच गोष्ट शिवांजलीच्या हातात उरली होती. भाऊ काही परत आणता येत नव्हता. पण ज्या बाईनं त्याला तान्हा असताना पोटाशी धरलं, तिला ही बातमी उघड्या रानात एकटीला ऐकू येऊ नये, ती घरच्या उंबऱ्यावर, शिवांजलीचा हात दंडावर असताना कळावी, एवढं तरी तिला करता येण्यासारखं होतं.

ती उठली, कागदपत्रांच्या खोलीत गेली, दाराला घोंगडं लावलं. खाली लेथ चालूच होता. "राम राम. आपलं बिऱ्हाड. वाईट बातमी हाय. इंद्रजित हरिबा, वय एकतीस, आज पहाटे अपघातात गेला. माती आज सांजच्याला पाच वाजता, गावात." एकतीस सेकंद. एका दमात. आवाज जरासुद्धा हलला नाही. दोनशे मरणं वाचून वाचून गळ्याला सवय झालेली असते, तिला नाती कळत नाहीत. नंतर याच गोष्टीची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

टेबलाशी येऊन तिनं नोंद भरली आणि सेव्ह केलं. दहा चाळीस झाले होते. स्क्रीनवर नेहमीसारखी ठळक अक्षरं आली: 'यांना माणूस पाठवा'. खाली एकच नाव होतं. शिवांजली, बहीण.

आपलंच नाव बघून तिला हुंदका फुटला. शेजारच्या टेबलावरची आम्रपाली धावत आली. आम्रपाली माणमधलीच, दहिवडीची, कॉलेजपासूनची मैत्रीण. काही न विचारता तिनं स्क्रीन वाचली, गाडीची किल्ली उचलली आणि शिवांजलीला उठवलं. त्या यादीत काय आहे ते दोघींनी पाहिलं. काय नाही, ते दोघींपैकी एकीनंही पाहिलं नाही.

वाटेत शिवांजलीनं नवऱ्याला फाउंड्रीत फोन केला. तो मोटरसायकलवरून परस्पर गावाला निघाला. मग ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली. इंद्राला जरा लागलंय, मावशी. न्हाई, फार न्हाई. दवाखान्यातनं घरी आणणार हायत. चल, बघून येऊ.

साडेअकराला त्या तळावर पोचल्या. बनुबाई रस्त्याच्या कडेलाच उभी होती. धुतलेलं लुगडं नेसली होती. पायाशी एक गाठोडं होतं आणि खांद्यावर नवं कोरं काळं घोंगडं, जे तिनं इंद्रजितच्या लग्नासाठी विणून घेतलं होतं. गळ्यातला टाक आणि त्याच्या शेजारी दोरीला अडकवलेला फोन, दोन्ही पदराखाली झाकलेले. मागं तिचा भाचा बिराप्पा मेंढरं पाटाकडं वळवत होता. त्यानं इकडं बघितलं नाही.

"मावशी, इंद्राला..." शिवांजलीनं सुरुवात केली.

"बरं न्हाई त्येला," बनुबाई म्हणाली. "व्हय. चल."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुज्या तोंडावरनं कळतंय की. चल, उशीर नगं."

शिवांजलीला हायसं वाटलं. किती सोपं गेलं, असंही क्षणभर वाटलं तिला, आणि त्या वाटण्याबद्दल तिनं स्वतःला आजवर माफ केलेलं नाही. कुठं लागलंय, किती लागलंय, शुद्धीवर आहे का, असं बनुबाईनं काही म्हणजे काही विचारलं नाही. जी बाई करडू लंगडलं तरी दहा प्रश्न विचारायची. पण आपण खोटं बोलत असलो की समोरच्याचं गप्प राहणं आपल्याला सोयीचंच वाटतं. घोंगड्याबद्दल शिवांजलीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गारठला आसंल."

गाडी तासगावकडं लागली. मागच्या सीटवर दोघी शेजारी बसल्या होत्या. बनुबाईनं शिवांजलीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तो धरूनच ठेवला. विट्याच्या अलीकडं तिनं आम्रपालीला गाडी थांबवायला लावली.

"हिनं सकाळधरनं काय खाल्लं न्हाई. हिला च्या पाजा कायतरी."

"मला नको मावशी."

"पी. फुडं ताकद लागंल."

चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या शिवांजली चहा प्यायली, आणि बनुबाई तिच्याकडं बघत राहिली. स्वतः तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही.

विटा मागं पडल्यावर शिवांजलीनं फोन काढला. नोटीस किती जणांना पोचली ते बघायला. कोकणातल्या बिऱ्हाडांना लागले का फोन? बापाच्या वेळेसारखं तर होणार नाही ना? चारशे बारा फोन गेले होते. तीनशे नव्वदच्या वर उचलले गेले होते. तिला बरं वाटलं, खांद्यांना माणसं कमी पडणार नव्हती. मग नेहमीप्रमाणं तिची नजर यादीच्या वरच्या टोकाला गेली, जिथं पुन्हा ऐकणाऱ्यांची नावं येतात.

सगळ्यात वर लिहिलं होतं: बनुबाई हरिबा. उचलला, दहा सत्तेचाळीस. पूर्ण ऐकला. एक दाबून पुन्हा ऐकला, चार वेळा.

शिवांजलीनं ती ओळ पुन्हा वाचली. आईच्या रकान्यात धोंडुबाई होती. धोंडुबाई मेलेली, तिला कोण वगळणार आणि कोण फोन करणार? बापाची दुसरी बायको म्हणजे यंत्राच्या लेखी भावकीतली एक बाई, जिला मातीला बोलवायचं. नियम चुकला नव्हता. तिनं जसा लिहिला तसा तो वागला होता. आणि ते नाव ज्या बाईनं काढायला लावलं, ती आता शेजारी बसून तिचा हात कुरवाळत होती.

एकंदर पाच वेळा ऐकलं तिनं. एकतीस सेकंद, पाचदा. तेही शिवांजलीच्याच तोंडून, न थरथरणाऱ्या आवाजात. मग ती उठली असेल, लुगडं बदललं असेल, पेटीतून लग्नाचं घोंगडं काढलं असेल, बिराप्पाला मेंढरं नेमून दिली असतील, आणि पोरगी न्यायला येणार हे धरून रस्त्यावर येऊन उभी राहिली असेल. पाऊण तास एकटी. नुसतं तेवढंच नाही. पोरगी खोटं बोलायला येणार हेही तिला माहीत होतं. रीतच होती ती. पोरीचं खोटं तिनं मोडलं नाही, उलट अर्धं वाक्य आपणच पुरं केलं, म्हणजे पोरीला बोलायला जड जाऊ नये.

शिवांजलीनं फोन उलटा ठेवला. बनुबाई खिडकीबाहेर बघत होती. मायणी गेली, माळ लागला. बोलावं असं शिवांजलीला दहादा वाटलं. पण बोलली तर त्या बाईनं मैलोन् मैल सांभाळून आणलेलं सगळं रस्त्यातच सांडलं असतं. म्हणून तीही गप्प राहिली. दोघींना ठाऊक होतं आणि दोघी एकमेकींपासून लपवत होत्या. पुढं गाडी चालवणारी आम्रपाली आरशात बघून डोळे पुसत होती.

गावात शिरतानाच माणसं दिसायला लागली. मोटरसायकली, जीपगाड्या, टेम्पो. देवळापासून घरापर्यंत पटकेच पटके. पोराच्या मातीला माणूस कमी पडलं नव्हतं. घराच्या अलीकडं गाडी थांबली. चार बाया पुढं झाल्या. बनुबाईनं दार उघडलं नाही. ती शिवांजलीकडं वळली.

"आता सांग," ती म्हणाली.

शिवांजलीचा दाराकडं गेलेला हात थांबला.

"फोनात आयकलं मी. पाचदा आयकलं. मी ईचारत हुते, शिवा, कुटला इंद्रजित गं? दुसरा आसंल कोनतरी. थांब की जरा, आसं म्हनत हुते. तू थांबलीच न्हाईस. येकसारकं बोलतच ऱ्हायलीस." तिचा आवाज आता पहिल्यांदा चिरला. "म्हनून मी ठरवलं, फोनातलं खरं धरायचं न्हाई. शिवा येईल, ती सोताच्या तोंडानं सांगंल, तवाच खरं. आता सांग मला."

जिनं आख्ख्या तालुक्याला मरणं वाचून दाखवली, तिच्या तोंडातून एक अक्षर फुटेना. इंद्रजित म्हणायला गेली तर ओठ नुसते हलले. गेला हा शब्द तर तिला आलाच नाही. बनुबाई वाट बघत होती, लहान मुलाच्या बोलण्याची बघतात तशी. शेवटी शिवांजलीच्या घशातून एकच हाक बाहेर आली, तीस वर्षं उशिरा.

"आये..."

बनुबाईला त्यातच सगळं कळलं. तिला 'आये' म्हणणारं दुसरं कुणी आता जगात उरलं नव्हतं, म्हणून तर पोरीनं ती हाक उचलली होती. बनुबाईनं तिचं डोकं छातीशी ओढलं, टाक आणि फोन दोन्ही मधे रुतले, आणि मग तिनं जो हंबरडा फोडला तो देवळापर्यंत ऐकू गेला. इंद्रजितला नेताना अंगावर नवं घोंगडं होतं. तिनंच ते चारी बाजूंनी दाबून घातलं, पोराला रात्री पांघरूण घालतात तसं.

तेराव्यानंतर बनुबाई तळावर परतली. मेंढरांना सुतक नसतं. शिवांजलीही कामावर गेली, पण कागदपत्रांच्या खोलीत तिचं पाऊल पडेना. नोटिसा आता आम्रपाली वाचते. ती पयली बाई कुटं गेली, असं लोक अधूनमधून विचारतात.

आठवड्याभरात शिवांजलीनं फॉर्म बदलला. आईच्या रकान्यात आता एकाहून जास्त नावं मावतात. आपल्या लोकांत किती घरांत दुसरी आई आहे, हे तिला आधी सुचायला हवं होतं. ती स्वतः तशाच घरातली. मग एका रविवारी ती तळावर गेली आणि बनुबाईपुढं बसली.

"आये, तुझं नाव घालू का?"

बनुबाईनं गळ्यातला टाक पदरानं पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"घाल," ती म्हणाली. "पर तिच्या खाली."

शिवांजलीनं तिथंच, रानात बसून, फोनवर इंद्रजितची नोंद उघडली. आईच्या रकान्यात धोंडुबाईच्या खाली बनुबाई असं लिहिलं आणि सेव्ह केलं. यंत्रानं हाळी दिली असेल, नियमांनी कान टवकारले असतील. बनुबाईनं सवयीनं गळ्यातला फोन हातात धरला आणि दोघी जणी थोडा वेळ त्याच्याकडं बघत बसल्या. तो वाजला नाही.